स्क्रीननं फसवलं: फाइंडरच्या उजेडाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून

मागच्या नोंदीत रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे) फाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतून, किती उजेड पोचतो ते मोजलं होतं: समोर टॅबलेटची उजळ स्क्रीन, मागे आयपीसला डिजिटल कॅमेरा. तो तक्ता रद्द समजा. एकाच बॉडीचं वाचन कॅमेरा आडवा धरला की एक आणि उभा धरला की दुसरं येत होतं.

पहिला संशय आयपीसमागच्या डिजिटल कॅमेऱ्यावर. पण तिथे आयएसओ, शटर, ॲपर्चर, फोकस सगळं बांधलेलं, फाइल रॉ, लेन्स आयपीसच्या बरोबर मधोमध. मग दोन्ही कॅमेरे जागच्या जागी ठेवून नुसता उजेडाचा टॅबलेट 90 अंशांत फिरवला, आणि आकडा हलला. एलसीडीचा उजेड पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत असतात, आणि तिरक्या बसवलेल्या बीमस्प्लिटरमधून (थोडा उजेड आरपार सोडून थोडा परतवणारा अर्धपारदर्शक आरसा) दोन दिशांचं पोलरायझेशन सारख्या प्रमाणात आरपार जात नाही. तक्त्यात फाइंडरइतकाच टॅबलेटही मोजला गेला होता!

स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर लावल्यानं फरक कमी झाला, पुरता गेला नाही. शेवटी मॅट पांढरी भिंत आणि तिच्यावर बल्ब, हेच खरं. एलईडी लुकलुकतो, म्हणून शटर 1/10 सेकंद किंवा त्याहून संथ. आता कॅमेरा कसाही धरा, आकडा ठाम राहतो. एवढ्यावरही समाधान आहे.

हिशोबाकडे वळू. कोटिंग नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड परत फेकतो. असे आठ धरले तर 72 टक्के उरतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मल्टिकोटिंगमध्ये प्रत्येकी अर्धा टक्का धरला तर 96 उरतो. पण 70/30 चा बीमस्प्लिटर (70 टक्के आरपार, 30 टक्के परत) जुन्यातही अर्धा स्टॉप खातो आणि नव्यातही. ‘लायका एम3 चा फाइंडर उजळ’ असं म्हणतात त्यात प्रतिमेच्या मोठेपणाचाही हात असावा: 1954 च्या एम3 चं मॅग्निफिकेशन 0.91, 1984 च्या एम6 चं 0.72. उजेडाच्या वाचनात मोठेपणा दिसत नाही.

आणि हे लिहिता लिहिताच बेत बदलला. फोकस करताना कामाला येतो तो पॅचचा (फाइंडरच्या मधोमधचा छोटा चौकोन, जिथे दुसरी प्रतिमा जुळवतात) उठाव, नुसता उजेड नव्हे. तेव्हा आता दोन वाचनं: रेंजफाइंडरची छोटी खिडकी काळ्या टेपनं झाकून पॅचच्या जागेचं एक, मग मोठी खिडकी झाकून त्याच जागेचं दुसरं. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की उठाव. सोन्याचं कोटिंग असेल तर लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगवेगळे वाचा. सोनं पिवळं परावर्तित करतं आणि निळं-हिरवं सोडतं, त्यामुळे एकट्या हिरव्यावर भरवसा नको.

पॅच फिका निघाला म्हणून लगेच बीमस्प्लिटर बदलायला घेऊ नका. आधी आतल्या काचांवर तेलाच्या वाफेची साय आहे का बघा. ती पुसताना अर्धपारदर्शक आरशाला इअरबड लावायचा नाही, कोटिंग बोळ्यावर उतरतं. तिथे फक्त ब्लोअर. नवी काच बसवावीच लागली तर कोटिंगची बाजू ओळखायला कोपऱ्यावर लाकडी टूथपिकचं टोक टेकवा. टोक आणि प्रतिबिंब भिडलं तर ती कोटिंगची बाजू, मध्ये फट दिसली तर उलटी. उलटी बसली की पॅचला भुताटकी जोडप्रतिमा येते.

पुढची फेरी व्हाइटआउटची, म्हणजे तिरक्या उजेडात पॅच धुऊन जाण्याची. लायकानं एम4-2 पासून काढलेलं कंडेन्सर (फाइंडरमधलं एक भिंग) 2003 च्या एमपीत परत आलं. तेव्हा दिवा अक्षापासून 10-10 अंशांनी सरकवत कुठल्या कोनात पॅच धुऊन जातो ते कंडेन्सर असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही बॉडींवर नोंदवायचं.