ओआरचा अभ्यास : ड्युअलिटीपर्यंत पोचलो

मागची नोंद सिम्प्लेक्सच्या टेबलांवर थांबली होती (सिम्प्लेक्स म्हणजे नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी करायची गणितं पायरीपायरीने सोडवायची पद्धत). मधे पावसाळा गेला, दिवाळी गेली. आता ड्युअलिटी आणि सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस हे दोन्ही भाग वहीत हाताने सोडवून झालेत. ओआर म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, हाताशी असलेल्या साधनांतून सर्वोत्तम निर्णय काढायचं गणित. ते घरबसल्या, फुकटच्या कोर्सेसवर शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आता एवढं नक्की सांगेन, की ड्युअलिटीच्या लेक्चरवर मुक्काम करा. पुढे ट्रान्सपोर्टेशन, असाइनमेंट, नेटवर्क असं बरंच खुणावत असतं. पण हा विषय नेमकं काय विचारतो आणि काय परत देतो, ते इथे उघडतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. माझा मुख्य कोर्स आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांचा, एनपीटीईएल या आयआयटींच्या फुकट ऑनलाइन कोर्सेसच्या उपक्रमातला ‘फंडामेंटल्स ऑफ ऑपरेशन्स रिसर्च’. व्हिडिओ यूट्यूबवर मोकळे आहेत, नाव नोंदवायचीही गरज नाही. सर उदाहरण घेतात आणि टेबल पायरीपायरीने पूर्ण मांडतात, मधली पायरी गाळत नाहीत. एकट्याने शिकणाऱ्याला याचं मोल फार आहे. सरांनी गणित मांडलं की मी व्हिडिओ थांबवतो, वहीत सोडवतो, मग त्यांचं उत्तर बघतो.

माझं काम हिंगणा एमआयडीसीत, घर नागपूर शहराच्या पूर्वेला. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत जाते, तेवढ्या वेळात डाउनलोड केलेलं एक लेक्चर बऱ्यापैकी ऐकून होतं. ते फक्त ऐकणं. खरा अभ्यास रात्री, वही घेऊन.

आता ड्युअलिटी. आमच्या वहिनींचा बचत गट आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की स्क्वॉश आणि मार्मालेड करतो. या हंगामात वहिनींनी विचारलं, “भाऊजी, संत्री जास्त घेऊ का शेगडी वाढवू, ते सांगा नं.” मी त्यांचा आठवड्याचा हिशेब एलपीत, म्हणजे लिनियर प्रोग्रामिंगच्या साच्यात बसवला. खालचे आकडे मांडणी सोपी व्हावी म्हणून गोल केलेत, पण गणिताचा साचा त्यांचाच आहे.

स्क्वॉशच्या एका खेपेला २० किलो संत्री आणि शेगडीचे २ तास लागतात. मार्मालेडच्या खेपेला १० किलो संत्री, पण आटवायला ४ तास. आठवड्याला २०० किलो संत्री आणि ३२ तास शेगडी. संत्र्यांचा खर्च वजा जाता स्क्वॉशच्या खेपेमागे ८०० रुपये सुटतात, मार्मालेडच्या खेपेमागे ७००. स्क्वॉशच्या खेपा क्ष आणि मार्मालेडच्या य धरल्या, तर ८००क्ष + ७००य जास्तीत जास्त करायचं. अटी दोन : २०क्ष + १०य हे २०० च्या आत, २क्ष + ४य हे ३२ च्या आत.

नुसतं स्क्वॉश केलं तर १० खेपा, ८,००० रुपये, आणि शेगडी १२ तास रिकामी. नुसतं मार्मालेड केलं तर ३२ तासांत ८ खेपा, ५,६०० रुपये, आणि १२० किलो संत्री पडून. दोन्ही अटींच्या रेषा जिथे छेदतात तिथे क्ष ८, य ४, आणि नफा ९,२००. आलेखावर हे पाच मिनिटांत दिसतं. बहुतेक ठिकाणी गणित इथेच संपवतात.

वहिनींचा प्रश्न मात्र इथे सुरू होतो. ड्युअलमध्ये आपण उलट बाजूने विचारतो, की एक किलो संत्र्याची आणि शेगडीच्या एका तासाची या गटासाठी किंमत काय? संत्र्याला यू आणि तासाला व्ही म्हणू. स्क्वॉशची खेप जे साहित्य खाते, त्याची एकूण किंमत तिच्या नफ्याइतकी तरी असली पाहिजे, म्हणजे २०यू + २व्ही हे ८०० किंवा जास्त. मार्मालेडसाठी १०यू + ४व्ही हे ७०० किंवा जास्त. आणि २००यू + ३२व्ही कमीत कमी करायचं. उत्तर येतं यू ३० रुपये, व्ही १०० रुपये. ताळा करा : २०० गुणिले ३० म्हणजे ६,०००, ३२ गुणिले १०० म्हणजे ३,२००, बेरीज ९,२००. दोन वेगळ्या वाटांनी निघालेली गणितं एकाच आकड्यावर येऊन भेटतात. स्ट्राँग ड्युअलिटीचं प्रमेय मी आधी वाचलेलं होतं, सिद्धताही बघितली होती. पण वहीत तो ९,२०० दुसऱ्यांदा उमटला तेव्हा जे वाटलं, त्यासाठीच मी हा अभ्यास करतो.

या दोन आकड्यांना शॅडो प्राइस म्हणतात आणि वहिनींना हवं ते उत्तर त्यांच्यातच आहे. जादा संत्र्याला सध्याच्या भावाहून किलोमागे ३० रुपयांपर्यंत जास्त दिले तरी परवडेल. जादा शेगडी आणि मदतनीस मिळून तासाला ६० रुपये पडत असतील, तर तासामागे ४० रुपये निव्वळ उरतात, म्हणजे शेगडी घ्यावी. गटातल्या एका ताईंना जेलीही करून बघायची होती. खेपेला १० किलो संत्री, २ तास आणि नफा ४५०. तेवढं साहित्य काढून घेतलं तर ३०० अधिक २०० म्हणजे ५०० रुपयांचं दुसरं काम बुडतं. तेव्हा जेली या भावात नको. एलपी नव्याने न सोडवता तिसऱ्या पदार्थाचा निकाल लागला.

आता सेन्सिटिव्हिटी. ३० रुपयांची ही किंमत वाट्टेल तितकी ताणता येत नाही. संत्री ८० किलोपासून ३२० किलोपर्यंत असतील तोवरच ती खरी. ३२० ला मार्मालेड पूर्ण बंद होतं, १६ खेपा स्क्वॉशमध्येच शेगडीचे सगळे तास जातात, आणि पुढच्या प्रत्येक किलोची किंमत शून्य. शेगडीच्या तासांचा पट्टा २० ते ८०. नफ्याच्या बाजूने बघितलं तर मार्मालेडचे ७०० कायम ठेवून स्क्वॉशचा नफा ३५० ते १,४०० मध्ये कुठेही गेला तरी ‘८ आणि ४’ ही योजना बदलत नाही. भाव रोज हलतात अशा धंद्यात हा पट्टा मूळ उत्तराहून जास्त कामाचा आहे, असं माझं ठाम मत झालंय. वहिनींनी वहीत उत्तर नाही, पट्टाच उतरवून घेतला.

हे सगळं हाताने झाल्यावर गूगल कोलॅबवर पायथनच्या पल्प लायब्ररीत तेच गणित घातलं. पल्प आत सीबीसी हा फुकट सॉल्व्हर वापरते. सोडवून झाल्यावर प्रत्येक अटीच्या ‘पीआय’ या गुणधर्मात शॅडो प्राइस मिळते, ‘स्लॅक’मध्ये उरलेलं साहित्य. ३० आणि १०० बरोबर आले. एक लक्षात ठेवा : चल पूर्णांक जाहीर केले, म्हणजे खेपा अर्ध्यामुर्ध्या चालणार नाहीत असं सांगितलं, तर त्या ‘पीआय’चा हा अर्थ उरत नाही. शॅडो प्राइस हवी असेल तर चल सलगच ठेवा. ज्यांना कोड नको त्यांनी एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडून सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मागवावा. वरचे पट्टे त्यात ‘अलाउएबल इन्क्रीज’ आणि ‘डिक्रीज’ या रकान्यांत दिसतात. संत्र्यासाठी दोन्हीकडे १२०, शेगडीसाठी वर ४८, खाली १२.

गणिताच्या बाजूला एमआयटी ओपनकोर्सवेअरचा १८.०६, म्हणजे गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनियर अल्जेब्रा, सोबत चालू आहे. स्ट्रँग सर २०२३ मध्ये निवृत्त झाले, पण त्यांची जुनी लेक्चर्स तिथे जशीच्या तशी उपलब्ध आहेत. हा कोर्स आधी पूर्ण करून मग ओआरकडे वळा, असा सल्ला बरेचजण देतात. मला तो पटत नाही. ओआरमध्ये प्रश्न पडू द्या आणि त्या प्रश्नासाठी १८.०६ उघडा. माझा प्रश्न होता, सिम्प्लेक्समध्ये ‘बेसिस’, म्हणजे उत्तरात वापरलेल्या स्तंभांचा संच, बदलतो म्हणजे काय होतं? उत्तर त्यांच्या अगदी पहिल्या लेक्चरमध्ये सापडलं. समीकरणांकडे ते दोन प्रकारे बघायला लावतात, ओळींनी आणि स्तंभांनी. आपण आलेख काढतो तो ओळींचा. स्तंभांनी बघितलं तर वहिनींचं गणित असं : (२०, २) हा स्क्वॉशचा स्तंभ, (१०, ४) मार्मालेडचा, (१, ०) उरलेल्या संत्र्यांचा, (०, १) रिकाम्या शेगडीचा. यातले कुठलेही दोन निवडून (२००, ३२) गाठायचं. नुसतं स्क्वॉश म्हणजे (२०, २) च्या १० पट अधिक (०, १) च्या १२ पट. सर्वोत्तम म्हणजे (२०, २) च्या ८ पट अधिक (१०, ४) च्या ४ पट. म्हणजे पहिल्या कोपऱ्यातून दुसऱ्यात जाताना ‘रिकामी शेगडी’ हा स्तंभ बाहेर गेला आणि ‘मार्मालेड’ आत आला. सिम्प्लेक्सच्या टेबलातल्या सगळ्या आकडेमोडीमागे एवढीच घडामोड असते. ज्यांना टेबलं यांत्रिक वाटतात त्यांनी हे एकदा कागदावर करून बघाच.

अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी सिम्प्लेक्स मांडली १९४७ साली, आणि लगेच तिची परीक्षा घेतली गेली ती आहाराच्या गणितावर. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांचा प्रश्न होता, ७७ पदार्थ आणि ९ पोषकं, तर वर्षभराचं सगळ्यात स्वस्त जेवण कोणतं? १९३९ च्या भावांनी त्यांनी अंदाजाने काढलेलं उत्तर ३९.९३ डॉलर होतं, सिम्प्लेक्सने आलं ३९.६९. त्यासाठी ९ माणसं हातयंत्रं घेऊन बसली आणि मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. आज कोलॅबवर बटण दाबायच्या आत होतं. तरी स्टिगलर यांचा अंदाज किती जवळचा होता, हे बघून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

काठाकाठाने जाणाऱ्या सिम्प्लेक्सला अडवणारं उदाहरण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी दिलं, त्यात ती सगळ्या कोपऱ्यांना भेट देत बसते. आणि १९८४ मध्ये आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले नरेंद्र करमरकर यांनी बेल लॅब्जमध्ये असताना आतून जाणारी पद्धत मांडली, जिला बहुपदी वेळाची हमी आहे, म्हणजे गणित मोठं झालं तरी लागणारा वेळ आवाक्याबाहेर फुगत नाही. इंटिरियर पॉइंटचं हे प्रकरण मला शिकायचंच आहे. त्यासाठी स्टॅनफर्डच्या स्टीफन बॉइड यांचा कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशनचा कोर्स, ईई ३६४ए, यूट्यूबवर आहे. पहिली काही लेक्चर्स बघून मी तो बाजूला ठेवलाय. १८.०६ मधले प्रोजेक्शन आणि पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्स पक्के झाल्याशिवाय तिथे हाती फार लागत नाही.

प्रोबॅबिलिटीसाठी एमआयटीचेच जॉन त्सित्सिक्लिस. त्यांचे व्हिडिओ छोटे छोटे आहेत, मेट्रोत तेच सोयीचे पडतात. रांगांचा अभ्यास, म्हणजे क्यूइंग, त्यांच्या पॉइसन प्रोसेसच्या भागानंतरच घ्यावा असं मला वाटतं. मेलबर्न विद्यापीठाचा पास्कल व्हॅन हेन्टेनरिक यांचा डिस्क्रीट ऑप्टिमायझेशन कोर्सेरावर आहे : नॅपसॅक, ग्राफ कलरिंग, ट्रॅव्हलिंग सेल्समन, व्हेइकल राउटिंग. तिथे प्रत्यक्ष कोड लिहून उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर जितकं चांगलं तितके गुण. ज्यांना प्रोग्रामिंग येतं आणि पेन्सिलीचा कंटाळा आहे, त्यांनी थेट इथून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.

प्रमाणपत्राचं बरेचजण विचारतात. एनपीटीईएलचे कोर्स स्वयम पोर्टलवर सत्रानुसार लागतात, प्रवेश फुकट, परीक्षेला मात्र शुल्क भरून केंद्रावर जावं लागतं. नोकरीत दाखवायचं असेल तर परीक्षा द्या. छंद म्हणून शिकत असाल तरी दर आठवड्याच्या असाइनमेंट मुदतीत भरा, त्या मुदतीमुळे वही पुढे सरकते.

आता ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम सुरू केलाय, म्हणजे गोदामांतून दुकानांत माल कमीत कमी खर्चात कसा पोचवायचा ते. वाडी, कळमना आणि बुटीबोरी अशी तीन गोदामं, आणि इतवारी, सदर, सक्करदरा, मानेवाडा अशी चार दुकानं धरून स्वतःचं टेबल बनवलंय. टेबलाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून भरत जाणाऱ्या नॉर्थ-वेस्ट कॉर्नर पद्धतीने पहिली मांडणी काढली, खर्च बघून घरं निवडणाऱ्या व्होगेल पद्धतीने काढलेली तिच्याहून बरीच स्वस्त आली. मांडणी आणखी सुधारता येते का ते तपासणाऱ्या मोडी पद्धतीत ओळींना यू आणि स्तंभांना व्ही देतात, ते कॉलेजात नुसती युक्ती म्हणून पाठ केलं होतं. आता कळलं की ते ड्युअलचेच चल आहेत, गोदामाशी आणि दुकानाशी असलेल्या मालाच्या किंमती. प्रत्येक रिकाम्या घरात वाहतूक खर्चातून यू आणि व्ही वजा करायचे. उणे आलं तर त्या वाटेने माल पाठवण्यात फायदा आहे. जेलीला लावला तोच हिशेब. पुढच्या नोंदीत हे टेबल पूर्ण देईन. वाडीचा साठा इतवारीच्या मागणीइतकाच धरलाय, त्यामुळे डिजनरसी येते, म्हणजे भरलेली घरं गरजेपेक्षा कमी पडतात, आणि ती भरून काढायला धरतात तो एप्सिलॉन, म्हणजे जवळजवळ शून्य साठा, कोणत्या रिकाम्या घरात ठेवायचा हे सध्या वहीत तपासतोय.