फणसाचा ओटा: ते काळे ठिपके बुरशीचे नव्हतेच

सापडलं! आमच्या स्वयंपाकघरातल्या फणसाच्या लाकडाच्या ओट्यावरचे काळे ठिपके लोखंडाचे आहेत, आणि ते लोखंड माझ्याच हाताने लाकडात गेलं होतं.

आषाढात या ठिपक्यांबद्दल इथे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सिंकच्या बाजूला मिरपूड सांडावी तसे चार-पाच ठिपके होते. श्रावण संपेपर्यंत ते ओटाभर पसरले, हिरवट काळे. दापोलीच्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे दुसरी शंकाच मनात आली नाही. बुरशी मरेल म्हणून व्हिनेगर फडक्यावर घेऊन सगळा ओटा पुसला. संध्याकाळपर्यंत तिळाएवढे ठिपके मसुराएवढे झाले. त्या दिवशी खरंच रडू आलं. हा फणस आमच्या परसातला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तो पडला, सासऱ्यांनी फळ्या पाडून घेतल्या आणि मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचल्या. फळी 40 मिमीची, म्हणजे इंचाला एक वर्ष या हिशेबाने दोन वर्षांत वाळली असती. मी त्याहून कितीतरी जास्त थांबले होते, म्हणजे लाकूड ओलं होतं असंही नाही.

मग गेल्या महिन्यात बांगड्यांना मसाला लावताना पिळलेलं अर्धं लिंबू ओट्यावर पालथं राहून गेलं. सकाळी उचललं तर त्याखाली स्वच्छ पिवळं वर्तुळ! आजूबाजूला ठिपके, आत एकही नाही. दोन्ही आंबटच, मग व्हिनेगरने काळं आणि लिंबाने साफ कसं?

त्याच दुपारी दोन परीक्षा घेतल्या. एका ठिपक्यावर कपड्यांच्या ब्लीचचा थेंब टाकला. बुरशी असती तर दोन-चार मिनिटांत फिकी पडली असती. ठिपका जसाच्या तसा. (ब्लीच पूर्ण धुतल्याशिवाय त्या जागी लिंबू, व्हिनेगर काही लावू नका, विषारी वायू होतो.) दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. ओट्याचा कोपरा पॉलिशपेपरने घासला, भुसा कागदावर घेतला आणि कागदाखालून चुंबक फिरवलं. भुशातून केसासारखे बारीक तंतू उभे राहून चुंबकामागे चालू लागले.

स्टील वूल! मे महिन्यात तेल-मेणाच्या आधी शेवटचा हात मी चार शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलने (लोखंडी तंतूंच्या घासणीने) मारला होता. फणसाच्या लाकडातल्या नळ्या, म्हणजे वर दिसणारी छिद्रं, मोठ्या, त्यांत ते तंतू अडकून बसले. पावसाची दमट, खारी हवा मिळाली आणि ते गंजले. फणसाला पिवळा रंग देणारं मोरिन लोखंडाला भेटलं की हिरवट काळं होतं. याच लाकडाच्या रंगात बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवत आले आहेत, आणि रंगारी लोखंड घालून तो रंग काळवंडवतात. माझ्या ओट्यावर तेच झालं. व्हिनेगरने लोखंड विरघळवून आजूबाजूला पसरवलं. लिंबातलं सायट्रिक ॲसिड मात्र लोखंडाला धरून ठेवतं आणि पाण्याबरोबर बाहेर आणतं. घावनांच्या बिडाच्या तव्याखाली उमटलेलं काळं कडंही याच कुळातलं.

गेल्या रविवारी डावा अर्धा ओटा घेतला. आधी 120 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून मेण काढलं, मग लोखंडाचे डाग काढणारं ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात, प्लास्टिकच्या डब्यात. हातमोजे हवेतच, पूड नाकात जाता कामा नये, आणि हे पोटात गेलं तर विष आहे. वीस मिनिटांत ठिपके विरले! नंतर चार वेळा साध्या पाण्याने पुसलं. ॲसिडला सोड्याने उतारा देतात, पण क्षाराने लाकडाचा रंग गडद होतो म्हणून मी टाळलं. पाण्याने उठलेले लाकडाचे तंतू वाळल्यावर 240 ने बसवले. पॉलिशपेपर बंद पाकिटातला घ्या. इथल्या दुकानात उघडा लटकवलेला कागद सादळून दोन हातांत रेती सोडतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच फटक्यात जमली. ओटा पावसाळ्यात आडवा 3 मिमी फुगला, लांबीत काहीच नाही, आणि कुठे तडा नाही की बाक नाही. लाकडाला सरकायला जागा म्हणून ठेवलेली ब्रॅकेटची लांबट भोकं, भिंतीलगतची फट आणि खालच्या बाजूलाही वरच्याइतकंच तेल, या तिन्हींचं ते फळ. खालून तेल लावण्यावर ज्यांनी ‘खालून कोण बघतंय’ असं मला लिहिलं होतं, त्यांनी एकदा फळी उलटी करून तेल लावून बघाच.

उजवा अर्धा येत्या रविवारी ऑक्झॅलिकनेच करणार होते. पण हे लिहिताना वाटलं, लिंबाने साफ झालं तर लिंबूसतानेही, म्हणजे त्याच सायट्रिक ॲसिडच्या पुडीनेही, व्हायला हवं. जिथे रोज कणीक मळायची तिथे विष कशाला? आधी सिंकजवळ वीतभर जागेत लिंबूसताचं दाट पाणी तासभर ठेवून बघते. उतरलं तर ऑक्झॅलिकचा डबा बंद.

तेल-मेणाचंही बदलतंय. तेल म्हणून लिक्विड पॅराफिन तेच, केमिस्टकडचं. ‘बुचर ब्लॉक ऑइल’ म्हणून मागवलेल्या इवल्या बाटलीतही तेच निघालं होतं, चौपट भावाने. पण मधमाशीच्या मेणातला अर्धा वाटा काढून तिथे मुठेल घालायचं डोक्यात आहे. कोकमाचं हे तेल आमच्याकडच्या हवेत घट्ट गोळा राहतं आणि हाताच्या उबेने लागतं. फणसाच्या दोन तुकड्यांवर आज लावून एक पडवीत, एक चुलीजवळ ठेवलाय. खवट वास येतो का, ते दिवाळीनंतर कळवते. शेवटचा हात यापुढे नायलॉनच्या घासणीचा.