वायसर आणि कंकण

परवा नळाचा वायसर बदलत होतो, हात ओले, आणि शेजारी पुस्तक घेऊन बसलेल्या लेकीने मध्येच विचारलं, बाबा, ॲन्युलर एक्लिप्स म्हणजे वर्षातून एकदा होणारं ग्रहण का? मी "हो" म्हणून मोकळा झालो. ॲन्युअल, ॲन्युलर, असून असून फरक तो किती! रात्री मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला म्हणून डिक्शनरी उघडली आणि तोंडावर पडलो.

वर्षाला लॅटिनमध्ये अन्नुस म्हणतात, त्यात दोन न. अंगठीला आनुलुस, त्यात मुळात एकच न, पण पुढे तिथेही दुसरा न घुसला आणि आमच्यासारख्यांची फसगत झाली. आता आनुलुस म्हणजे छोटं कडं, मग नुसतं कडं काय तर आनुस, आणि हो, डॉक्टर लोक शरीराच्या ज्या भागाला ॲनस म्हणतात तो हाच शब्द. (हे लेकीला सांगितलं नाही.) अंगठीच्या बोटाचं नावही तिकडे अंगठीवरूनच, आपल्याकडे मात्र अनामिका, म्हणजे बिननावाची!

मराठीत हा घोळच नाही. कंकणाकृती म्हटलं की संपलं. चंद्र पृथ्वीपासून लांब असला की लहान दिसतो, सूर्याला पुरता झाकू शकत नाही, आणि कडेने झगझगीत कंकण उरतं. १५ जानेवारी २०१० ला ते जास्तीत जास्त ११ मिनिटं ८ सेकंद दिसलं, या सहस्रकात त्याहून लांबलेलं दुसरं नाही.

शनीची कडी गॅलिलिओला १६१० मध्ये दिसली खरी पण त्याला वाटलं ग्रहाच्या दोन बाजूंना दोन गोळे आहेत, ते कडं आहे आणि ग्रहाला कुठेच चिकटलेलं नाही हे डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ मध्ये छापलं, तेही लॅटिनमध्ये, हाच अंगठीवाला शब्द वापरून.

सकाळी लेकीसमोर चुकीची कबुली दिली आणि भरपाई म्हणून जुना वायसर पुढे ठेवला. म्हटलं, याच्या रबराचं क्षेत्रफळ काढू, एकदाच मोजून. पट्टी अशी धरली की भोकाच्या कडेला नुसती टेकेल, आणि बाहेरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजलं. १२ मिलिमीटर. निम्मे ६, वर्ग ३६, गुणिले पाय, झालं ११३ चौरस मिलिमीटर.

"आणि भोक? ते नाही मोजायचं?"

नाही. तिने पट्टी काढून घेतली, भोक मोजलं, बाहेरचा व्यास मोजला, ५ आणि १३, वहीत लांबलचक गणित मांडलं. उत्तर तेच आलं. मग म्हणाली, "हे बरोबर आहे. पण ग्रहणाचं चुकलं होतं ना तुमचं."