चाल शिकायला हानदानला

बीजिंगहून वेगवान गाडी पकडली की दोनेक तासांत हानदान. हबै प्रांतातलं पोलादाचं शहर. मी तिथे उतरले ती एका म्हणीपायी.

‘हानदान शुएबू’. चारच चिनी अक्षरं, अर्थ ‘हानदानची चाल शिकणे’. प्राचीन झाओ राज्याची ही राजधानी, आणि इथल्या लोकांची चाल म्हणे फार डौलदार. येन राज्यातल्या शौलिंगचा एक पोरगा ती शिकायला आला. नवी जमली नाही, जुनी विसरला, शेवटी रांगत घरी गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! आपल्या गोष्टीत निदान धुपाटणं तरी उरतं.

छिन नदीवर या गोष्टीच्या नावाचा पूल आहे. आधी लाकडी होता, पुरात मोडायचा, म्हणून १६१७ साली, मिंग काळात, दगडी बांधला. म्हणजे गोष्टीहून पूल दोन हजार वर्षांनी धाकटा. नवे बूट टाचेला चावत होते, त्यामुळे मी त्यावर लंगडतच चढले. जागेला शोभलं म्हणायचं.

आज ही म्हण आंधळं अनुकरण करणाऱ्याला ऐकवतात. पण मूळ गोष्ट येते प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांगत्झुच्या ग्रंथात, ‘शरदातले पूर’ या प्रकरणात, आणि तिथे टोमणा निराळाच आहे. ‘पांढरा घोडा म्हणजे घोडा नव्हे’ असा वाद घालणारा गोंगसुन लोंग च्वांगत्झुचं बोलणं ऐकून गोंधळतो. वेई राज्याचा राजपुत्र मौ त्याला आधी विहिरीतल्या बेडकाची गोष्ट सांगतो (हो, आपला कूपमंडूकच!) आणि मग ही: जा बाबा, नाहीतर येतंय तेही विसरशील. गंमत म्हणजे गोंगसुन लोंग स्वतः झाओचाच. हानदानची गोष्ट हानदानवाल्याच्याच माथी!

तिथून त्सोंगथायला गेले. राजा वूलिंगच्या नावाने ओळखला जाणारा हा उंच चौथरा. सैन्याची कवायत तो इथून बघायचा, असं सांगतात. याच वूलिंगने इ. स. पू. ३०७ मध्ये घोळदार झगे सोडून उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांसारख्या विजारी घालायचा आणि घोड्यावरून बाण मारायचा हुकूम काढला. दरबारी खवळले. रानटी लोकांची नक्कल? पण झाओचं सैन्य त्या नकलेनेच तगडं झालं. नक्कल करणाऱ्याला हसणारी म्हण नेमकी या शहराच्या नावावर जमा व्हावी, हा मला तरी अन्याय वाटतो.

संध्याकाळी पुन्हा पुलावर आले. एक आजोबा टाळ्या वाजवत उलटे चालत होते. चीनमधल्या बागांतून हा व्यायाम सर्रास दिसतो. माझं लंगडणं पाहून त्यांनी हातानेच खूण केली, असं चाल. दहा-बारा पावलं टाकून पाहिली. उलटं चालताना बूट टाचेला लागत नाही.