‘महोदय’च्या शेवटचा अर्धविराम

वैशाखातल्या एका दुपारी कूलरच्या टाकीत पाणी भरून मी संगणकापुढे बसलो आणि एका परिचिताने तपासण्यासाठी पाठवलेला चार पानी अर्ज उघडला. तर सगळा मजकूर रोमन अक्षरांची खिचडी झालेला. त्याने तो कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला होता आणि तो फॉन्ट माझ्या यंत्रावर नव्हता, एवढेच कारण. त्या फॉन्टमध्ये ‘य’ अर्धविरामाच्या कळीवर बसवलेला असल्यामुळे, फॉन्ट नसला की प्रत्येक ‘य’च्या जागी अर्धविराम उभा राहतो. ‘माननीय’च्या शेवटी अर्धविराम, ‘महोदय’च्याही शेवटी अर्धविराम. एका मराठी कागदावर इतके अर्धविराम मी जन्मात पाहिले नव्हते.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेत मराठीच्या बाई धडा वाचताना टेबलावर फूटपट्टी वाजवीत असत: स्वल्पविरामाला एक ठोका, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला चार. तीन ठोके कोणाचे, असे मी विचारले तेव्हा ‘अपूर्णविरामाचे, पण तो आजच्या धड्यात नाही’ असे सांगून त्या पुढे वाचू लागल्या. अर्धविरामाचे उदाहरण ठरलेले असे, ‘ढग गर्जत होते; पण पाऊस पडत नव्हता.’ विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि पाऊस लांबलेला असला की हे वाक्य आम्हांला व्याकरणापेक्षा हवामानाचे वृत्तच अधिक वाटे. ‘पण’च्या आधीचे ते दोन ठोके पडेपर्यंत सगळा वर्ग खिडकीबाहेर पाहत असे.

हे चिन्ह आपल्या घरचे नव्हे. १४९० च्या दशकात व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियस या मुद्रकाने, एटना ज्वालामुखीवरील पिएत्रो बेंबो यांचे एक छोटे लॅटिन पुस्तक छापताना, ते प्रथम वापरले. छपाईचे खिळे कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफो याने. ग्रीक लिपीत मात्र हीच आकृती प्रश्नचिन्ह म्हणून वापरली जाते, म्हणजे आपण जिथे थबकतो तिथे ते विचारतात. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये पुरा करणारे तेच हे. त्याआधीचा मोडी कागद पाहावा, तर आधी शिरोरेषा ओढलेली, खाली हात शक्यतो न उचलता लिहिलेला मजकूर, आणि शब्दसुद्धा तोडलेले नाहीत. दम कुठे घ्यायचा, ते वाचणाऱ्याचे त्याने पाहावे. नागपूरकर भोसल्यांचा कारभार असल्याच कागदांवर चालला आणि अर्धविरामावाचून त्यांचे काही अडले नाही, ही गोष्ट माझ्या बाजूने फारशी बोलत नाही, हे मला मान्य आहे.

तरीही ‘पण’, ‘परंतु’, ‘तथापि’ यांच्या आधी नुसता स्वल्पविराम दिसला की मला चौकटीवर डोके आपटल्यासारखे होते. मोबाइलवर हे चिन्ह शोधायला कळफलकाचे पान उलटावे लागते. ते मी उलटतो. मागच्या महिन्यात भाच्याला ‘जेवायला येतो; पण उशीर होईल’ असे कळवले, तर त्याचे उत्तर आले, ‘मामा, डोळा मारायचा होता का? कंस राहिला.’ मी काही उत्तर दिले नाही.

शेवटी फॉन्ट मिळवून बसवला. क्षणात सगळे अर्धविराम नाहीसे झाले आणि ‘महोदय’ जागेवर आले. मग अर्ज नीट वाचला, तर चार पानांत खरा अर्धविराम एकही नाही. ‘आणि’, ‘तसेच’, ‘तरी’ यांच्या आधाराने वाक्ये एकमेकांना धरून चाललेली. अर्जदाराला न विचारता मी त्यात दोन घातले. एक ‘परंतु’च्या आधी घातला, दुसरा कुठे घातला, ते आता आठवत नाही, कारण तेवढ्यात कूलरमधले पाणी संपले होते.