तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळून मुलं काही शिकतात का?

मी दहावीला विज्ञान शिकवते. पालकसभेत धड्यांबद्दल, मार्कांबद्दल बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, सारखा गेम खेळत बसतो. त्यातून काही शिकतो तरी का हो?" विचारणाऱ्याच्या आवाजातली काळजी मला कळते. तरीही माझं उत्तर 'हो' असंच आहे, फक्त ते दोन वाक्यांत सांगता येत नाही.

२०२३ च्या बॅचमधला एक मुलगा सांगते. तो 'केर्बल स्पेस प्रोग्राम' खेळायचा. मेक्सिकोतल्या एका कंपनीने बनवलेला हा संगणकावरचा गेम २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि जगभर लोकप्रिय झाला. सुटे भाग जोडून रॉकेट बांधायचं आणि उडवायचं. कोसळलं तर पुन्हा बांधायचं. या मुलाला कक्षेत फिरणारी दोन यानं एकमेकांना जोडायची होती. दोन्ही एकाच कक्षेत, एक पुढे, एक मागे. त्याने मागच्या यानाचं तोंड पुढच्याकडे केलं आणि इंजिन चालू केलं. रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर आपण असाच वेग वाढवतो. इथे मात्र थोड्या वेळाने यान मागे पडायला लागलं. त्याने आणखी जोर लावला, तर आणखी मागे. शेवटी इंधन संपलं.

हे फक्त शाळकरी मुलांचंच होतं असं समजू नका. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्यांनीही यान त्या दिशेने धरून इंजिन चालवलं. जमलं नाही, इंधन खूप खर्च झालं आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. ते निष्णात वैमानिक होते. पण जमिनीवर आणि हवेत मुरलेली सवय कक्षेत उलटी पडते. पुढे चंद्रावर उतरलेले बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली ती याच विषयावर, कक्षेत एका यानाने दुसऱ्याला कसं गाठायचं यावर.

उत्तर असं की गाठायचं तर आधी वेग कमी करायचा. वेग वाढवला की यान मोठ्या कक्षेत चढतं आणि मोठ्या कक्षेत एका फेरीला जास्त वेळ लागतो. वेग कमी केला की ते लहान कक्षेत उतरतं, फेरी लवकर संपते, आणि मागचं यान हळूहळू पुढच्याच्या जवळ येतं. मग योग्य वेळी पुन्हा वर चढायचं. आमच्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पडद्यावर कक्षेची रेघ आखलेली दिसते. ती कधी फुगते, कधी आक्रसते, हे बघत बघत तो तिथे पोचला.

दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यात केप्लरचा तिसरा नियम आहे: आवर्तकालाचा, म्हणजे एका फेरीला लागणाऱ्या वेळाचा, वर्ग सरासरी अंतराच्या घनाला समानुपाती असतो. मी तो फळ्यावर लिहिला, बाकीच्यांनी उतरवून घेतला. हा म्हणाला, "मॅडम, म्हणजे खाली उतरलं की फेरी लवकर होते, ते ह्याच्यामुळे?" त्याच जुलैत चंद्रयान-३ ची कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवल्याच्या बातम्या येत होत्या. इंजिन पृथ्वीजवळ असताना का पेटवतात, असं वर्गात कुणीतरी विचारलं. त्याने फळ्यावर लंबवर्तुळ काढलं आणि जवळच्या टोकाला वेग वाढवला की लांबचं टोक आणखी लांब जातं, हे समजावून दिलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. फार आनंद झाला.

वर्गात आम्ही उत्तर आधी देतो. प्रश्न मुलाला पडलेलाच नसतो, मग उत्तर परीक्षेपुरतं राहतं. चांगला गेम मुलाला आधी अडवतो. यान मागे का पडतंय हे त्याला स्वतःसाठी जाणून घ्यायचं असतं, आणि चुकण्याची किंमत म्हणाल तर पुन्हा एक रॉकेट बांधणं, एवढीच. अशा अडलेल्या मुलाला नियम सांगितला की तो पक्का बसतो.

पण गणित गेम शिकवत नाही, ते संगणक स्वतःच करून टाकतो. आवर्तकाल काढायचं उदाहरण दिलं तेव्हा हाही बाकीच्यांसारखाच एककांत अडकला आणि त्यालाही वहीत बसून सराव करावा लागला. फरक इतकाच की उत्तर भलतंच आलं तर ते भलतं आहे हे त्याला लगेच कळायचं. "इतका वेळ लागणारच नाही" म्हणून तो स्वतःच खोडायचा. शिक्षक म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

सगळ्याच गेमना हे लागू नाही. नुसतं बोट आपटायचं, नाणी गोळा करायची, मग पैसे भरून पुढची पातळी उघडायची, अशा गेमच्या बाबतीत मी पूर्णपणे पालकांच्या बाजूने आहे. झोप मोडून खेळण्याच्या बाबतीतही.

मग "कुठला द्यायचा?" असं पुढे विचारतात. केर्बलला बऱ्यापैकी संगणक लागतो. घरात मोबाइलच असेल तर माइनक्राफ्ट बघा, ठोकळे रचून हवं ते बांधायचा गेम. त्यात रेडस्टोन नावाची भुकटी वायरसारखी जमिनीवर पसरतात. तिच्यातून संदेश पंधरा ठोकळे जातो, मग विरतो. रेडस्टोनची मशाल एरवी पेटलेली राहून संदेश देत असते, पण ज्या ठोकळ्यावर लावली असेल त्या ठोकळ्याला संदेश मिळाला की ती विझते. एवढ्यावर मुलाला म्हणा, दोन खटके एकदम चालू असतील तरच उघडेल असं लोखंडी दार करून दाखव. दोन खटक्यांना दोन मशाली, दोघींच्या रेघा एकत्र आणून तिसरीला जोडायच्या, आणि तिसरीची रेघ दाराला न्यायची. हे शोधायला मुलाचा एखादा रविवार जाईल. बारावीच्या भौतिकशास्त्रात तेच 'अँड गेट' म्हणून येतं.