तुम्ही विचारलंत म्हणून: दुरंगी झुडूप हिरवं का होत जातं?

"आणलं तेव्हा पानांच्या कडा छान पांढऱ्या होत्या, आता अर्धं झाड नुसतंच हिरवं दिसतंय. खत कमी पडलं का?" व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी पानांची सदाहरित झुडपं लावणारे हे कधी ना कधी विचारतातच. कोणाची तगर असते, कोणाचा शेफलेरा, कोणाचा फायकस. उत्तर एकच: खत राहू द्या, कात्री घ्या. आणि आजच घ्या, कारण हिरवी फांदी थांबत नाही.

फांदीच्या शेंड्याशी वाढीचा जो इवलासा कोंब असतो, त्यात पेशींचे थर एकावर एक असतात. बागेतल्या बहुतेक दुरंगी झुडपांत यातल्या एखाद्या थराला हरितद्रव्य बनवता येत नाही, बाकीच्यांना येतं. त्या थरातून पानाचा जेवढा भाग घडतो तेवढा पांढरा किंवा फिकट पिवळा. दोन तऱ्हेच्या पेशी एकाच झाडात शेजारी शेजारी नांदतात. अशा झाडाला कायमेरा म्हणतात. ही मांडणी कुठे विस्कटली की नुसत्या हिरव्या पेशींचा एखादा डोळा, म्हणजे फांदीचा अंकुर, फुटतो. त्या फांदीची पानं काठापासून काठापर्यंत अन्न तयार करतात, म्हणून ती इतर फांद्यांच्या पुढे पळते, त्यांच्यावर सावली धरते, आणि दोनेक हंगामांत झाड तिचंच होऊन बसतं. हा रोग नाही, मातीचाही दोष नाही.

कापायची कशी, ते नीट सांगायला हवं, कारण चूक इथेच होते. बरेच जण हिरवा शेंडा खुडतात. खाली उरलेले डोळेही हिरवेच असतात, त्यामुळे एकाच्या जागी तीन हिरवे फुटवे येतात. हिरवी फांदी हातात धरून खाली खाली जा. जिथे पहिलं चांगलं दुरंगी पान दिसेल, त्या पानाच्या किंचित वर कापा. तसं पान सापडलंच नाही, तर फांदी जिथून निघाली तिथे खोडालगत कापा, खुंट ठेवू नका. कोवळ्या फांदीची सालही पाहा. पुष्कळ झुडपांत सालीवर फिकट आणि हिरवे पट्टे उतरलेले दिसतात. डोळा दोन पट्ट्यांच्या सीमेवर बसला असेल, तर फुटवा दुरंगी यायची आशा जास्त. नुसत्या हिरव्या पट्ट्यावर असेल तर हिरवाच यायचा. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा अशी फेरी मारली की नखाएवढे फुटवे बोटानेच काढता येतात. कण्हेर असेल तर हातमोजे घाला, चीक विषारी असतो.

उलटही घडतं: एखादी फांदी शुभ्र पांढरी येते. ती फार देखणी दिसते आणि ठेवायचा मोह होतो, पण ती स्वतःपुरतंही अन्न बनवत नाही, बाकीच्या झाडावर जगते. तीही काढा. झुडूप पसरलं म्हणून बुंध्यापर्यंत छाटणं मात्र टाळा. जुन्या लाकडातून नव्याने फुटणारे डोळे पुष्कळदा आतल्या थरातून येतात, आणि तो थर हिरवा असला तर फुटवेही हिरवेच निघतात. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटणी नको.

उन्हाचं गणित पानाच्या रंगावर आहे. शुद्ध पांढऱ्या कडांची झुडपं सकाळच्या तीन-चार तासांच्या उन्हात उत्तम राहतात. दुपारच्या कडक उन्हात पांढरा भाग आधी करपतो, कागदासारखा तपकिरी होतो, आणि तो पुन्हा सुधारत नाही. सोनेरी पिवळ्या पानांची झुडपं जास्त ऊन सोसतात, उलट सावलीत त्यांचा पिवळा रंग मळकट हिरवट होतो. क्रोटनला हा हिशेब लावू नका, त्याचे लाल-केशरी रंग वेगळ्या रंगद्रव्यांचे असतात आणि ते भरपूर उजेडातच खुलतात.

पानात हिरवं कमी, म्हणून वाढ सावकाश. वाढ सावकाश, म्हणून पाणीही कमी लागतं. साध्या जातीच्या मापाने पाणी घातलं की मुळं कुजतात. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू पुरते. नत्राचा मारा नको, नत्राने लुसलुशीत हिरवी वाढ सुटते. संतुलित विद्राव्य खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत.

पिवळेपणा नेहमी रंगसंगतीचाच असतो असं नाही. जातीच्या रंगाला पानावर ठसठशीत कड असते. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट, तेही नव्या पानांवर, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. माती चुनखडीची आहे किंवा पाणी साचतंय. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी दिसणारी कीड, पांढऱ्या कडांवर सहज दिसत नाही, म्हणून पान उलटून देठाच्या बेचक्यात बघायची सवय ठेवा. दिसलाच तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी, आधी दोन-तीन पानांवर फवारून पाहून.

रोपं करायची तर बी नको. बहुतेक जातींत बियांतून दुरंगीपणा उतरत नाही. ज्या फांदीवर चारी बाजूंच्या पानांत दोन्ही रंग सारखे आहेत, तिची ना कोवळी ना जून अशी 10 ते 15 सेंमी काडी घ्या, खालची पानं काढा, मुळं फुटायला मदत करणारं संजीवक लावून ओलसर वाळूत खोचा आणि सावलीत झाकून ठेवा. गुटीही, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणणंही, चालते. मुळाच्या तुकड्यापासून किंवा पानापासून रोप करू नका. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर नवीन रोप कडेविना निघतं, ते याच थरांमुळे. दुरंगी काडी साध्या काडीपेक्षा उशिरा मुळं धरते. मुळं फुटली का हे बघायला ती उपटू नका. पहिली नवी पानं दोन रंगांत उलगडली की मगच ती कुंडीत हलवा.